शेठनं मानलेली बहीण

अन्याय माझ्या आत्यावर झाला. अठ्ठ्याहत्तर सालच्या भाऊबीजेला, सकाळी, चूल पेटायच्या आधी, नागपूरजवळच्या वाडी गावात, तिच्या भाड्याच्या खोलीत झाला. मी तिथं हजर होते. तिला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, कामावरून काढलं नाही. तिची स्तुती केली. तिला बहीण म्हटलं, तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि तिच्या तोंडातलं एक वाक्य काढून नेलं. ते वाक्य कोणतं होतं आणि ते गेल्यावर काय झालं, ते इथं लिहिते.

मी पत्रकं लिहिणारी मुलगी. पत्रकात ‘मालक’ हा शब्द आला की त्याच्या आधी ‘क्रूर’ लावायचा, हे आम्हाला मजुरांच्या संघटनेत पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. आत्याचा मालक, म्हणजे शेठ, क्रूर दिसत नव्हता. म्हणून त्याच्यावर लिहिलेलं एकही पत्रक मला नीट जमलं नाही.

वाडीतच, अमरावती रस्त्यावर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत त्याचं मिरचीचं गोदाम होतं. भिवापूरकडून ट्रक भरून वाळलेली मिरची यायची. बायका जमिनीवर ढिगाभोवती बसून देठ तोडायच्या. देठ एकीकडे, मिरची एकीकडे, फुटकी वेगळी. काम सोपं आहे, कोणालाही येतं. ते दिवसभर करून बघा. आधी बोटं झोंबतात, मग सुजतात, मग त्यांना काही कळेनासं होतं. घरी गेल्यावर ताकात हात बुडवून बसायचं. डोळा खाजला तर खांद्याला घासायचा. अंगावर पिणारं लेकरू असलेली एक तरणी बाई होती. ती घरी गेल्यावर सासूकडून आंघोळ घालून घ्यायची, स्वतःचा हात स्वतःच्या अंगाला लागू द्यायची नाही. तरी लेकरू तोंड लावताच किंचाळायचं. शेवटी तिनं त्याला वरच्या दुधावर टाकलं आणि स्वतःची छाती पदरानं आवळून बांधली.

पण हाताचं दुखणं बायका दुखण्यात धरतच नव्हत्या. त्यांचं खरं दुखणं होतं खकाणा. देठ तुटताना मिरचीची जी बारीक धूळ उडते ती. गोदामाचं पुढचं शटर अर्धं ओढलेलं असायचं. मागं एक दार होतं, मोकळ्या मैदानावर उघडणारं. ते उघडं ठेवलं की वारा आरपार जायचा आणि खकाणा बाहेर पडायचा. त्या दाराला कुलूप होतं. शेठ म्हणे, हवा लागली की मिरचीचा रंग उतरते. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं: बायांनी ओट्यात मिरची घेऊन मागच्या दारानं जाऊ नये. पण तसं तो कधी बोलला नाही. उलट म्हणायचा, “माह्या बायांवर मी शक घेईन? त्याच्या आधी हात झडो माहा.” संशय त्याच्या जिभेवर कधी आला नाही. तो कुलपात होता.

त्याची माणसं वागवायची पद्धत सांगते. सकाळी तो येऊन सगळ्यांमधून एक चक्कर मारायचा. एखादीजवळ थांबायचा. “हिचा ढीग पाहा गा,” मुनिमाला म्हणायचा, “देठ असा तोडते का जसं फूल खुडलं. हात आहे का काय आहे.” मग तिच्यासाठी चहा यायचा, शेठच्या स्वतःच्या कपबशीत, निळ्या काठाच्या. बाकीच्यांना चहा नाही. ज्या बाईला कपबशी मिळाली ती त्या दिवशी मान वर न करता काम करायची. तिच्या शेजारच्या दोघी तिला गाठायला बघायच्या, त्यांच्या शेजारच्या त्यांना. संध्याकाळी ढीग रोजच्यापेक्षा मोठा. बायका आपसात चेष्टाही करायच्या.

“काय वं, आज राणीसाहेब तू का?”

“हो बापा. उद्या तू होजो.”

हसायच्या, खोकायच्या आणि पुन्हा खाली बघायच्या. चेष्टा करणारीलाही कपबशी हवी असायची. आयुष्यात कोणी कधी ‘चांगलं केलं’ म्हटलेलं नाही अशा माणसाला त्या दोन शब्दांची किती भूक असते, ते मी तिथं पाहिलं.

आत्या त्यांच्यात सगळ्यात वयानं मोठी. तिला ‘मोठीबाई’ म्हणायच्या. आम्ही हातमागावर विणणारे लोक. माझ्या आजोबांच्या घरात माग होता आणि आत्यानं लहानपणापासून कांड्या भरल्या होत्या. लग्न करून ती उमरेडला विणकराच्याच घरी गेली. माग बंद पडले, नवरा खाणीवर मजुरीला लागला आणि तिथंच तापानं गेला. मूल नव्हतं. सासरच्यांनी तिला नागपूरच्या बसमध्ये बसवून दिलं. ती आमच्या घरी आली. माझ्या बापानं तिला काही दिवस ठेवलं आणि एका संध्याकाळी, सगळे जेवत असताना म्हणाला, “तुह्यं घर तिकडं होतं. इथं तू पाहुणी.” आत्यानं हातातला घास खाल्ला, ताट घासलं, आणि दुसऱ्या दिवशी वाडीला खोली पाहिली. त्यानंतर माझा बाप भाऊबीजेला तिच्याकडे गेला नाही आणि तिनं बोलावलं नाही. मी जायचे. भाचीला ओवाळत नाहीत, म्हणून ती मला नुसतं जेवू घालायची.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर बायांचा खोकला फार वाढला. लेकुरवाळीला एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. मी संघटनेकडून गोदामाच्या बाहेर, पाणी प्यायच्या वेळी, बायांशी बोलायला जात होतेच. मागणी एकच ठरली. मागचं दार उघडं ठेवा. मजुरीचं काही नाही, सुट्टीचं काही नाही. दार. आम्ही सरकार दरबारी अर्ज केला. दिवाळीनंतर कामगार खात्याचा साहेब तपासणीला येईल, बायांना विचारेल, असं कळलं.

विचारलं तर बोलायचं कोणी? मी म्हटलं, सगळ्यांनी. बायका हसल्या. आमच्या लोकांतली जुनी रीत त्यांनी मला सांगितली, जशी काही मला ती माहीत नव्हती. बैठकीत वडीलधारं माणूस बोलते. ते एकदा बोललं की बाकीच्यांनी वर तोंड उघडायचं नाही, उघडलं तर बैठक मोडते. मोठीबाई बोलेल. एक तोंड, एक शब्द.

“पक्कं नं आत्या?” मी विचारलं.

“काहून, मले बोलता नाई येत का?” ती म्हणाली. “दार बंद असते, खकाण्यानं जीव जाते. एवढंच तर सांगायचं आहे. त्याले काय पत्रक लागते?”

शेठला हे कळायला वेळ लागला नाही. त्यानं पहिल्यांदा मला गाठलं. ऑफिसात खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला. माझं एक जुनं पत्रक त्याच्या टेबलावर होतं. ते विधवांवर होतं, हळदीकुंकवाला त्यांना बाहेर ठेवतात त्यावर. “हे तुमी लिहिलं?” तो म्हणाला. “मी घरी वाचून दाखवलं. बायको रडली. ‘माहेरच्या दारात विधवा कोणी नसते, तिथं सगळ्या लेकीच असतात.’ काय लिहिलं आहे. आमच्या पोरीले म्हटलं, शिक काही.” मला राग आला. ते वाक्य चांगलं होतं आणि त्यानं नेमकं तेच निवडलं होतं. मी म्हटलं, दार उघडा. तो म्हणाला, “पाहू नं, पाहू.” मी उठून आले.

मग भाऊबीज आली. साहेबाची तपासणी परवावर आली होती. साहेबासमोर कसं बोलायचं ते आत्याशी पुन्हा एकदा बोलावं म्हणून मी सकाळीच तिच्या खोलीवर गेले होते. बाहेर जीप थांबली. शेठ उतरला, मागून त्याची बायको, हातात झाकलेलं ताट. शेजारपाजारची दारं उघडली. शेठनं चपला बाहेर काढल्या, वाकून आत आला आणि सरळ जमिनीवर बसला.

आत्या घाबरली. “शेठ, खाली कायले बसता? थांबा, पोतं टाकते.”

“पोतं नाई. पाट टाक, ताई. आज मी शेठ नाई. आज भाऊ होऊन आलो.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “माही एकच बहीण होती. लहानपणी गेली. गोदामात तुले पाहतो तवा मले वाटते, ती असती तर अशीच दिसली असती. बोलायची हिंमत नाई झाली कधी. आज म्हटलं, काय होईल ते होईल.”

त्याला बहीण होती की नव्हती, मला ठाऊक नाही. नंतरही कळलं नाही.

त्याच्या बायकोनं ताटावरचं फडकं काढलं. खण, नारळ, तांदूळ, आणि एक हिरवं लुगडं. ती आत्याची ओटी भरायला पुढं आली. आत्या मागं सरली, भिंतीला टेकली. “नाई बाई, नाई. माही ओटी नाई भरत. मी अशी आहो.”

“माहेरच्या दारात विधवा कोणी नसते, ताई,” शेठ म्हणाला. “तिथं सगळ्या लेकीच असतात.”

माझं वाक्य. शब्दाला शब्द. काय बोलणार होते? ते खोटं आहे म्हणून? मी छापून वाटलं होतं ते.

आत्याची ओटी भरली गेली. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा कोणी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. आत्यानं निरांजन लावलं आणि त्याला ओवाळलं. तो तिच्या पाया पडला. खरोखर, कपाळ टेकवून. दाराचा, गोदामाचा, साहेबाचा त्यानं शब्द काढला नाही. जीपमध्ये बसताना फक्त म्हणाला, “ताई, आता या भावाची लाज तुह्या हातात.”

जीप गेल्यावर मी म्हटलं, “आत्या, हा परवासाठी आला होता.”

“मले समजते. मी कुकुल्लं बाळ आहो का?”

“मग?”

“मग काय? ओवाळलं नं मी त्याले. ओवाळल्यावर भाऊ झाला. आता भावाच्या दारात सरकारी माणूस उभा करून मी सांगू का, हा आमाले मारून राहिला?”

“तो तुझा भाऊ नाही. तो मालक आहे. त्यानं ओवाळून घेतलं.”

“तुह्या बापानं तर तेही नाई घेतलं,” ती म्हणाली. शांतपणे म्हणाली. कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून घाम पदरानं टिपताना कपाळाला बगल देत होती.

मी पुष्कळ बोलले. लेकुरवाळीचं रक्त, तिचा स्वतःचा खोकला, सगळं काढलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तू शिकलेली आहे वं, तुले चार लोक नमस्कार करतात. मले आज एकानं केला. तो खोटा असला तरी मले दुसरा नाई मिळणार.”

साहेब आला त्या दिवशी मागचं दार सताड उघडं होतं. गोदाम झाडलेलं. बायका ओळीनं उभ्या. मला शटरच्या बाहेर उभं राहू दिलं. साहेबानं विचारलं, हे दार रोज उघडं असतं का? सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं.

“असते, साहेब,” ती म्हणाली. “उघडंच असते.”

“काही तक्रार?”

“नाई. शेठ आमाले बहिणीवाणी ठेवते.”

साहेबानं बाकीच्यांना विचारलं. कोणी बोललं नाही. मोठीबाई बोलली होती. लेकुरवाळी जमिनीकडे पाहत होती आणि तोंडात पदर कोंबून खोकला दाबत होती. तेवढा खोकलासुद्धा तिनं साहेबाला ऐकू दिला नाही. रीत अशी असते. आम्ही एकच तोंड पुढं केलं होतं. शेठला एकच तोंड बंद करावं लागलं. त्यासाठी त्याला ना पोलीस लागले, ना गुंड. एक खण लागला.

साहेब गेल्यावर दाराला कुलूप लागलं. त्याच दिवशी, ढिगाकडे परतायच्या आधी.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही, सोसण्यासारखंच आहे. बायांनी आत्याशी भांडण केलं नाही. तिच्या शेजारी बसायचं सोडलं. तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहायची. पाणी प्यायला सगळ्या एकत्र उठायच्या, ती एकटी नंतर. एक जण तिला ऐकू जाईल असं म्हणायची, “शेठच्या बहिणीले काहून मिरची तोडावी लागते गं?” आत्या देठ तोडत राहायची. शेठ सकाळच्या चकरेत तिच्याजवळ थांबायचा नाही. निळ्या काठाची कपबशी दुसऱ्यांकडे फिरत राहिली. बहिणीला चहा पाजायची काय गरज, असं तिनं स्वतःला समजावलं असेल. मला तसंच म्हणाली होती, “घरच्याले कोणी मान देते का? घरचं ते घरचं.” लेकुरवाळीनं काम सोडलं. ती माहेरी गेली एवढं कळलं. तिचं पुढं काय झालं ते मला शोधूनही कळलं नाही.

आत्याचा दम उन्हाळ्यात वाढला. दोन पायऱ्या चढली की ती उभी राहायची, भिंत धरून, तोंड उघडं. पावसाळ्यात काम सुटलं. शेठनं ‘तब्येत सांभाळा ताई’ एवढं सांगितलं.

पुढची भाऊबीज आली. मी या वेळी माझ्या बापाला घेऊन गेले. तो यायला तयार झाला, कारण म्हातारा होत होता आणि त्यानं लोकांकडून ऐकलं होतं की बहिणीकडून परका ओवाळून घेऊन गेला. आत्यानं जमीन सारवली होती. पाट मांडला होता, ताट तयार होतं, अंगावर हिरवं लुगडं. बाप पाटावर बसायला वाकला.

“तिथं नाई,” आत्या म्हणाली. “तो भावाचा आहे. येतीन ते.”

माझा बाप वाकलेल्या अवस्थेतच थांबला. मग बाजूला जमिनीवर बसला. आम्ही तिघं संध्याकाळपर्यंत बसलो. रस्त्यावरून ट्रक जायचे, प्रत्येक वेळी ती दाराकडे पाहायची. निरांजनात तिनं दोनदा तेल घातलं. अंधार पडल्यावर बापानं विचारलं, “बाई, मले ओवाळतं का?” ती म्हणाली, “तुमी जेवून जा.”

त्या थंडीत ती गेली. श्वास घेता घेता गेली, पहाटेपासून दुपारपर्यंत लागलं तिला. आमच्यात बाईच्या शेवटच्या आंघोळीनंतर माहेरचं कोरं लुगडं लागतं. भावानं आणायचं असतं. शेजारीण म्हणाली, “ती सांगून गेली. माहं लुगडं गोदामातून येईल म्हणे.” माझा बाप तिथंच उभा होता, ऐकत होता.

मी सायकल काढली आणि गोदामात गेले. शेठ होता. ट्रक उतरत होता. मी सांगितलं. त्याचा चेहरा पडला, म्हणजे त्यानं पाडला.

“अरेरे. काय बाई होती. एवढ्या मोठ्या मनाची बाई मी पाहिली नाई. खरं सांगतो, अशी माणसं आता होत नाईत.”

“लुगडं न्यायला आले आहे,” मी म्हटलं. “तुम्ही भाऊ आहात तिचे.”

“आहोच. कोण नाई म्हणते?” त्यानं ट्रककडे पाहिलं. “माल उतरून राहिला. तुमी व्हा पुढं. मी माणूस पाठवतो. अन् ऐका, तुमी सोता आल्या, एवढ्या दुःखात, सायकलवर. तुमच्यासारखी पोरगी प्रत्येक घरात पाहिजे.”

ती मेली होती आणि तो अजून स्तुतीच करत होता. थांबवता येत नसेल त्याला, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. त्याला थांबायची गरजच कधी पडली नाही, एवढंच.

माणूस आला नाही. आम्ही वाट पाहिली, बायका कुजबुजू लागल्या. बाप उठला, आमच्या वस्तीत गेला आणि ज्याच्या घरी अजून माग चालतो त्याच्याकडून मागावरचं लुगडं घेऊन आला. तिच्यावर पांघरताना तो तिच्याशी हळू आवाजात काही बोलला. मी जवळ गेले नाही. ते तिला हवं होतं तेव्हा बोलायला हवं होतं.

गोदाम चालू आहे. मागच्या दाराला कुलूप आहे. आम्ही पुन्हा अर्ज केला आहे, साहेब पुन्हा येणार आहे. बायांनी पुन्हा एकच बाई बोलायला ठरवली होती, आणि मागच्या आठवड्यात शेठची बायको त्या बाईच्या मुलीच्या बारशाला जाऊन आली. मी बायांना सांगून थकले की रीत मोडा, सगळ्या बोला. त्या म्हणतात, बाहेरचं कोणी सोबत उभं राहिलं तर बोलू.

ते बाहेरचं कोणी म्हणजे तुम्ही. हे वाचता आहात म्हणजे तुमच्या घरी मिरची शिजते, आणि तिचे देठ तुम्ही तोडलेले नाहीत. साहेब येईल त्या दिवशी वाडीला या. एकटे येऊ नका, शेजाऱ्याला घेऊन या. शेठ तुम्हाला खुर्ची देईल, तुमच्या शिक्षणाचं कौतुक करेल, तुमच्यासारखी माणसं आता होत नाहीत म्हणेल. बसू नका, चहा घेऊ नका, उत्तर देऊ नका. मागच्या दाराशी जाऊन उभे राहा आणि तपासणी संपून साहेब गेल्यानंतरही, दिवस मावळेपर्यंत, तिथून हलू नका.